बबनरावांचा डावा कोपरा

शिरूरला तहसील कचेरीसमोरच्या गाळ्यांत ‘अनिता झेरॉक्स’ म्हणून एक दुकान आहे. आत शिरलं की उजव्या हाताला झेरॉक्सचं मशीन आणि मागच्या भिंतीला लागून दोन कॉम्प्युटर. त्यातल्या दारापासून लांबच्या कॉम्प्युटरवर बबनराव ओव्हाळ बसायचे. त्याआधी पंधरा वर्षं ते कचेरीच्या आवारात, लिंबाखाली, टाईपरायटर घेऊन बसत. मारुतराव थिट्यांनी दुकान काढलं तेव्हा त्यांनी बबनरावांना टाईपरायटरसकट आत बोलावलं. टाईपरायटर वर्षभरात माळ्यावर गेला, बबनराव राहिले. मारुतराव गेले, त्यांचा मुलगा सत्यजीत गल्ल्यावर बसू लागला, तरी बबनराव राहिले. तालुक्यातले निम्मे लोक त्यांना आबा म्हणत.

त्यांची टाईप करायची रीत सगळ्यांना माहीत होती. समोरचा माणूस बोलायचा आणि आबा त्याच्याकडे तोंड करून टाईप करायचे. बोटांकडे बघायचे नाहीत. माणसाचं बोलणं संपण्याआधी वाक्य पुरं झालेलं असायचं. कागद बाहेर आला की मात्र सही लगेच नाही. ज्याचा कागद, त्यानं तो मोठ्यानं वाचायचा. वाचता येत नसेल तर रांगेतल्या दुसऱ्यानं. टाईपरायटरच्या काळात कुठल्याशा बाईच्या अर्जात तिच्या जागी तिच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव पडलं होतं, आणि त्या एका नावापायी तिला सहा खेटे झाले. तेव्हापासूनचा हा नियम. वकीलसुद्धा त्यातून सुटत नसत.

“आबा, मी वीस वर्षं वकिली करतोय.”

“मग वाचता येत आसंल की, सायेब. वाचा.”

माझा शोधनिबंध त्यांनीच टाईप केला होता. प्रस्तावनेची अठरा पानं मला झेरॉक्सच्या आवाजावर आवाज काढून वाचायला लावली, आणि रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मध्येच विचारलं होतं, हे कुणाच्या जमिनीचं चाललंय.

दीड वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर एक डाग आला. मग डाव्या. सुरुवातीला वाटलं, चष्म्याच्या काचेवर आहे. ताईबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पदरानं काच तीनदा पुसून दिली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय. कडा शाबूत आहेत, त्या राहतील. गेलेलं परत येणार नाही.

म्हणजे काय, ते बबनरावांना हळूहळू कळलं. रस्त्यानं चालताना कुठं ठेचकाळायला होत नव्हतं. गाडी येतेय, म्हैस आडवी येतेय, सगळं दिसत होतं. पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जायचं. माणसाच्या तोंडाकडे बघितलं तर कान दिसायचे, खांदे दिसायचे, तोंड नाही. ते बोलणाऱ्याच्या खांद्याकडे बघू लागले, म्हणजे तोंड थोडं कडेला यायचं आणि ओळखू यायचं. लोकांना वाटलं, आबा वयानं जरा तिरके झाले.

ही गोष्ट ताईबाईंशिवाय कुणाला माहीत नव्हती. त्यांनी एकदा विचारलं, “सत्यजीतला सांगून टाकता का?”

“सांगितल्यावर तो काय म्हनंल?”

“काय म्हनंल. आराम करा म्हनंल.”

“त्येच तर.”

आराम या शब्दाची त्यांना भीती होती. घरी बसून करायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि खुर्ची सोडावी असं खरोखर काही घडतही नव्हतं. बोटांना डोळे लागत नव्हते. वाचून दाखवायला गिऱ्हाईक होतंच. उरली स्क्रीन, तर ती त्यांना पाठ होती. डाव्या हाताला खाली अगदी कोपऱ्यात माऊस नेला की सगळं उघडायचं. कोपरा चुकत नाही, माऊस तिथं जाऊन अडतो. उघडलेल्या फाइली खालच्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे ओळीनं बसायच्या. पहिली उघडलेली पहिली, शेवटची शेवटी. अर्जांचे नमुने डाव्या कडेला, प्रतिज्ञापत्रं त्याखाली, लग्नपत्रिका उजव्या कडेला वर, आणि दुःखाची पत्रं उजवीकडे सगळ्यात खाली. सगळं कडेकडेला, आणि कडेचंच त्यांना दिसत होतं.

यंदा दिवाळीनंतर सत्यजीतनं दोन्ही कॉम्प्युटरांवर नवी सिस्टिम टाकून घेतली. जुनीची मुदत संपली, आता तिला राखण नाही, असा निरोप स्क्रीनवर रोज यायचा. सोमवारी सकाळी बबनराव आले, बसले, माऊस डाव्या कोपऱ्यात नेला आणि दाबला. तिथं हवामान उघडलं. शिरूर, एकोणतीस अंश.

“ते आता मधे आलंय, आबा,” शेजारच्या खुर्चीवरून राजश्री म्हणाली. ती तीन वर्षांपासून दुकानात होती, रंगीत कामं बघायची. “खाली, बरोब्बर मधोमध. सगळी चित्रं तिथं गोळा केलीत.”

त्या आठवड्यात दुकानात येईल तो स्क्रीनवर मत देऊन जात होता. राजश्रीला आवडलं होतं, खिडक्यांचे कोपरे गोल झाले होते, मोबाईलवाणी. शेजारच्या पार्लरमधली शितल येऊन म्हणाली की रंग डोळ्याला गार आहे. सत्यजीत प्रत्येकाला ‘एकदम स्मूथ’ म्हणून दाखवत होता. ते वीस वर्षांवाले वकील मात्र चिडले.

“माझी बायको दर दिवाळीला स्वयंपाकघरातले डबे हलवते. मला मीठ सापडेपर्यंत होळी येते. हे तसलंच झालं. कुणी सांगितलं होतं हलवायला?”

“साहेब, सवय होईल,” सत्यजीत म्हणाला.

“सवय होते हो. तोवर चहात मीठ पडतं त्याचं काय?”

सगळे हसले. सत्यजीत बबनरावांकडे वळला. “आबा, तुम्हाला कसं वाटतंय?”

बबनराव त्याच्या खांद्याकडे बघत म्हणाले, “चांगलं हाय.”

आता जे हवं ते सगळं स्क्रीनच्या मध्ये होतं, आणि मध्ये त्यांना काही नव्हतं. मान वाकडी करून, वर बघून, ते खालचं कडेला आणायचा प्रयत्न करीत. तेवढ्यानं चित्राचा रंग कळे, चित्र कळत नसे. उजवं बटण दाबल्यावर पूर्वी शब्दांची यादी उघडायची आणि कितव्या ओळीवर काय ते त्यांना पाठ होतं. आता वर नुसती बारकी चित्रं होती. एका वारसाच्या अर्जाची फाइल कॉपी करायला गेले, चुकीचं चित्र दाबून ती पुसून बसले आणि सगळा अर्ज नव्यानं टाईप केला. ते सकाळी तासभर लवकर येऊ लागले. किल्ली त्यांच्याकडे असायचीच. कुणी नसताना माऊस मोजून सरकवत, इतका उजवीकडे, इतका वर, अशी मापं बोटात बसवत. दिवसा अडलं की राजश्रीला म्हणत, “जरा ती फाइल लावून दे गं, माझा हात गुंतलाय.” ती लावून द्यायची.

सुमित रणपिसे आला तो डिसेंबरातला बुधवार होता. केंदूरचा हा मुलगा रांजणगावच्या एका कंपनीत कामाला. त्याचा दहावीनंतरचा पहिला अर्ज, जात पडताळणीचे कागद, कंपनीचा अर्ज, सगळं बबनरावांच्या हातचं होतं. प्रत्येक वेळी त्याची आई म्हाळसाबाई सोबत यायची, पायरीवर बसायची, आणि सुमित मोठ्यानं वाचू लागला की पदर सावरून नीट ऐकायची. या खेपेला तो एकटा आला. आई रविवारी गेली होती. पुढच्या रविवारी तिच्या नावानं करायचा जलदान विधी होता. गावात तोंडी सांगून झालं होतं. पण दौंडकडच्या पाहुण्यांना कार्डं पाठवायची होती. तिकडेच केडगावला आईचा एकुलता एक भाऊ होता, ज्ञानूमामा. त्याला नुसता फोन करणं बरं दिसलं नसतं.

“बस,” बबनराव म्हणाले. “सांग.”

सुमितनं सांगितलं, त्यांनी टाईप केलं. कालकथित म्हाळसाबाई, केंदूरचा विहार, रविवार, सायंकाळी पाच. एवढ्यात सुमितच्या बहिणीचा, करुणाचा, फोन आला. विधी करणाऱ्या बौद्धाचार्यांना संध्याकाळी दुसरीकडे लग्न लावायला जायचं होतं. विधी सकाळी दहाला घ्यावा लागणार होता.

“दहा करतो,” बबनराव म्हणाले. पहिलं कार्ड तसंच ठेवून त्यांनी त्याचीच दुसरी प्रत काढली आणि तीत वेळ बदलली. ही त्यांची जुनी सवय होती. दुःखाच्या घरची माणसं तीनदा बदल सांगतात, मग पहिल्यावरच येतात, म्हणून पहिलं कधी मोडायचं नाही. पूर्वी खालच्या पट्टीवर डावीकडे पहिलं आणि उजवीकडे दुसरं दिसलं असतं. आता दोन्ही फाइली एकाच चित्राखाली, एकीमागे एक होत्या. माऊस नेला की त्यांचे दोन छोटे चौकोन वर येत, स्क्रीनच्या मधोमध. बबनरावांनी एक दाबला. प्रिंट काढली. कागद सुमितच्या हातात दिला.

“वाच.”

सुमित उभा राहिला. सुरुवातीची ओळ वाचली. मग ‘कालकथित’ म्हणाला, आणि पुढचं नाव त्याच्या तोंडून निघेना. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच आला. तिसऱ्या वेळीही तो तिथंच अडला तसा बबनरावांनी कागद काढून घेतला.

“ऱ्हाऊ दे, सुमित. मी बघितलंय. बरोबर हाय.”

इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणाला म्हटलं नव्हतं. कागद त्यांनी डोळ्यांसमोर धरलाही होता, दोन्ही हातांनी, नीट. त्यांना कागदाच्या चारही कडा दिसल्या, आतलं काही नाही. तेव्हा राजश्रीला हाक मारता आली असती. ती चार हातांवर बसली होती. त्यांनी हाक मारली नाही.

पन्नास कार्डं कागदात बांधून सुमित घेऊन गेला आणि त्याच दुपारी दौंड तालुक्यात, चौफुल्याकडे जाणाऱ्या पाहुण्याच्या हाती पाठवली.

पुढच्या मंगळवारी तो परत आला. दुकानात गर्दी होती. त्यानं खिशातून एक कार्ड काढलं आणि बबनरावांसमोर धरलं.

“आबा, हे वाचा.”

“काय झालं?”

“वाचा ना. मोठ्यानं वाचा. तुम्हीच म्हणता.”

बबनरावांनी कार्ड घेतलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. कार्ड जवळ आणलं, लांब नेलं. मग पाठ असलेलं म्हणू लागले, नाव, गाव, विहार, रविवार, सकाळी दहा वाजता.

“दहा कुठं आहे?” सुमित म्हणाला. “कुठं आहे दहा, बोट ठेवा.”

त्यांनी बोट ठेवलं नाही. राजश्री उठून आली, तिनं कार्ड बघितलं, मग बबनरावांच्या डोळ्यांकडे बघितलं, आणि तिच्या सगळं लक्षात आलं. ‘लावून दे गं’ सुद्धा. हे ती मला सांगत होती तेव्हा म्हणाली, मला त्या वेळी स्वतःचाच राग आला, मी तिथंच तर बसत होते.

“मामा पाच वाजता आला, आबा,” सुमित म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “आम्ही साडेदहापर्यंत थांबलो. मामानं पहिलं फूल वाहायचं असतं. त्याचा फोन घरी, त्याच्या सुनेकडं. ती म्हणाली, ते सकाळीच दौंडला बाजाराला गेलेत, तिथूनच दुपारी निघणार आहेत, कार्डावर पाच आहे. मग बौद्धाचार्य थांबेनात. दौंडकडचं एक माणूस नव्हतं. आईच्या माहेरचं एक माणूस नव्हतं.”

तो कार्ड तिथंच ठेवून गेला. सत्यजीतनं रांगेतल्या लोकांना उद्या या म्हणून सांगितलं आणि बबनरावांजवळ स्टूल ओढून बसला. मग तो म्हणाला, “आबा, कधीपासून?”

“दीड वरीस.”

“मला सांगायचं नाही?”

बबनरावांनी समोरचं कार्ड उलटं करून ठेवलं.

राजश्री म्हणाली, “यात मोठं करायची सोय आहे, आबा. अक्षर हाताएवढं होतं. पट्टी परत डाव्या कोपऱ्यात नेता येते, मी आता नेऊन देते. फाइली वेगवेगळ्या दाखवता येतात. तुम्ही म्हणाला असता तर पहिल्या दिवशीच करून दिलं असतं. पाच मिनिटांचं काम आहे.”

“पाच मिन्टांचं,” बबनराव म्हणाले. त्यांनी ते दोनदा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. ताईबाईंना सांगून सकाळच्या एसटीनं न्हावऱ्यावरून चौफुल्याला गेले, तिथून सहाआसनी रिक्षानं केडगावला. स्टेशनच्या पलीकडे ज्ञानूमामाचं घर विचारत विचारत काढलं. मामा रेल्वेत गँगमन होता, निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झालेली. दारात खाटेवर बसला होता. बबनरावांनी आपण कोण ते सांगितलं. मामानं बसा म्हटलं. सून पाणी घेऊन आली.

“मी साडेचारलाच पोचलो व्हतो,” मामा आपणहून सांगू लागला. “तीन गाड्या बदलून. म्हटलं, येळंच्या आधी घरी जाऊ ने, घरच्यांची धांदल उडती. म्हनून विहाराच्या पायरीवर बसलो. तिथं पोरं टेम्पोत खुर्च्या भरत व्हती. मला वाटलं, उतरवत्यात. दोगंच व्हते बिचारे. म्हटलं, आपलं घरचं काम हाय, बसून कसं चालंल. उठलो आन् दोन खुर्च्या खाली काढून मांडल्या. पोरगं म्हनलं, बाबा, काय करता. म्हटलं, मानसं येतील की आता.”

सून आत गेली.

“मग त्यानं सांगितलं,” मामा म्हणाला.

बबनरावांनी हात मांड्यांवर ठेवले होते. “ती येळ माज्याच्यानं चुकली, मामा. मला दिसत न्हाई. मधलं दिसत न्हाई, कडंचं दिसतं. आत्ता तुमचं तोंडबी दिसत न्हाई. मी ते लपवलं, आन् लपवून तुमचं कारड केलं. सुमितची चूक न्हाई, ह्येच सांगायला आलो.”

मामा रुळांच्या दिशेनं बघत राहिला. एक मालगाडी गेली, ती पुरी जाईपर्यंत.

“डोळं गेलं, त्याला तुम्ही काय करनार,” तो म्हणाला. “मानसाचं जातंच काय ना काय. पन मला एकच भन व्हती.”

“व्हय.”

“लपवायला नको व्हतं.”

“व्हय,” बबनराव म्हणाले.

मामानं त्यांना माफ केलं असं काही बोलून दाखवलं नाही, आणि बबनरावांनी माफी मागितलीही नाही. सुनेनं चहा आणला, दोघांनी घेतला. निघताना मामा रस्त्यापर्यंत आला नाही. खाटेवरूनच म्हणाला, “सांभाळून जावा.”

शनिवारी बबनराव दुकानात आले ते किल्ली द्यायला. सत्यजीतनं ती हातात घेतली नाही. राजश्रीनं त्यांचा कॉम्प्युटर खरंच बदलून ठेवला होता. पट्टी डाव्या कोपऱ्यात, अक्षरं एवढाली, फाइली वेगवेगळ्या. “बसून तर बघा,” ती म्हणाली. ते बसले. माऊस डाव्या कोपऱ्यात नेला, तो अडला, दाबल्यावर सगळं उघडलं. त्यांनी दोन ओळी टाईप केल्या. बोटं पूर्वीसारखीच चालली. मोठी अक्षरं डोळ्याच्या कडेला येऊन लागत होती, आणि थोडी थोडी कळत होती.

“जमतंय की, आबा,” सत्यजीत म्हणाला.

“जमतंय,” ते म्हणाले. “पन लोकांनी कागद माज्या भरवशावर न्यायचा आसतो, सत्यजीत. माज्या हातचा हाय म्हटलं की त्येंनी इस्वास ठेवायचा. त्यो माज्यावर मलाच ऱ्हायला न्हाई.” त्यांनी किल्ली कीबोर्डच्या कडेला ठेवली.

तेवढ्यात स्क्रीनवर एक चौकोन उघडला. नव्या रचनेविषयी तुमचं मत कळवा, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं, आणि खाली लिहायला जागा होती. राजश्री तो बंद करणार होती.

“काय म्हनतंय?” बबनरावांनी विचारलं.

तिनं सांगितलं.

“आपलं मत कोन वाचतंय का?”

“माहीत नाही, आबा. वाचत असतील कुणी.”

“मग लिही. तू लिही, मी सांगतो.”

ती त्यांच्या शेजारी वाकून उभी राहिली आणि ते सांगू लागले. नेहमी लोक त्यांना सांगायचे, आता तेच अर्ज सांगितल्यासारखं थांबून थांबून बोलत होते. रचना चांगली आहे. तरण्या पोरांना आवडली. आमच्या इथल्या एका टायपिस्टला मधलं दिसत नव्हतं, फक्त कडेचं दिसत होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हालाही माहीत असायचं कारण नाही. त्याच्याकडून एका बाईच्या दुःखाच्या पत्रात चुकीची वेळ गेली. बदल करताना पहिल्याच दिवशी ठळक विचारत जा, की बाबा, तुला हे दिसतंय का. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, असं नाही. पण विचारत जा.

“नाव घालू?” राजश्रीनं विचारलं.

“घाल. बबन सखाराम ओव्हाळ, शिरूर.”

तिनं पाठवायचं बटण दाबलं. चौकोन मिटला आणि स्क्रीनच्या मधोमध एक ओळ आली.

“आलं काय?”

“धन्यवाद म्हणतंय.”

बबनराव उठले. खुर्ची टेबलाखाली सारली, चष्म्याचं घर खिशात आहे का ते चाचपलं, आणि दाराशी अर्ज घेऊन उभ्या असलेल्या बाईला म्हणाले, “आत जावा, ती पोरगी करून दील.”